तिसऱ्या खेपेचा कौल

आक्का,

परवा शुक्रवारी सकाळी उठल्याउठल्या मी तुझी निळी पिशवी शोधायला लागलो. चादर, फाइल, मारी बिस्किटांचा पुडा, पायमोजे. खुंटीवर नाही, कपाटात नाही, म्हणून चिडून बायकोला, सुमनला हाक मारली. ती चहाचं आधण ठेवत होती. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मग आठवलं, तुला जाऊन पंधरा दिवस झाले. साडेसहाची एसटी आपल्याशिवाय गेली असणार.

तू डायलिसिसला 'ड्युटी' म्हणायचीस. 'आज माझी ड्युटी आसा गो, ब्लाऊज उद्या घेवन जा,' असं गिऱ्हाइकांना सांगायचीस. जामसंड्याच्या थांब्यावर कंडक्टर तुला पाहून 'काय आक्का, ड्युटीक?' म्हणायचा आणि तू 'होय तर, सायबान रजा दिल्यान नाय' म्हणत खिडकी पकडायचीस. मी मागून फाइल घेऊन चढायचो. ओरोसला जाऊन-येऊन पाच तास, मशीनवर चार तास. संध्याकाळी परतलीस की पाय धुऊन, घोटभर चहा घेऊन शिवायला बसायचीस. नव्या माणसाला वाटायचं, ही खरंच कुठेतरी नोकरीला जाऊन आली.

घरी माणसांची रीघ लागली आहे. तुझ्या धीराबद्दल सगळे बोलतात ते मी ऐकून घेतो, ते खरंच आहे. पण उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, 'भाव आसाचो तर असो.' चार वर्षं एक खेप चुकवली नाही, शाळा सांभाळून बहिणीबरोबर गेला, वगैरे. मला तो हात झटकून टाकावासा वाटतो. भाऊ कसा होता ते मला माहीत आहे. तुला माहीत होतं का, एवढंच मला विचारायचं होतं, आणि ते विचारायचं तर आधी मला माझं सांगावं लागलं असतं. ते काही जमलं नाही. आज जमतंय का बघतो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढतो, नावं देतो आणि शेवटी पोरांना एक वाक्य लिहून देतो: 'निरोगी माणूस एका मूत्रपिंडावरही व्यवस्थित जगू शकतो.' परीक्षेला हमखास येणारं वाक्य. वीसेक वर्षं ते मी सांगत आलो, आणि सांगताना माझ्या आवाजात एक प्रकारची ऐट असायची, जणू ही सोय मीच करून ठेवली आहे. मग तुझे पाय सुजले, तोंडाची चव गेली, आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ संपली आहेत, घरातलं कोणी देणारं असेल तर तपासून घ्या. घरातलं म्हणजे मीच. तुझं लग्न झालं नाही, आई-बाबा कधीच गेले.

मी लगेच 'हो' म्हटलं होतं, हे तुला आठवत असेल. फार मोठ्या आवाजात म्हटलं होतं. रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्या जुळल्या. डॉक्टर म्हणाले, 'तुम्ही दोघं नशीबवान आहात.' त्यांनी ऑपरेशन कसं होईल ते समजावलं, कुठे कापतील, किती दिवस दुखेल. तू मान डोलवत ऐकत होतीस. मी बाहेर आलो आणि जिन्यावरच बसलो. तू विचारलंस तेव्हा 'उपाशी आहे म्हणून' असं सांगितलं. तू पिशवीतून पोळीची सुरळी काढून दिलीस आणि माझं खाऊन होईपर्यंत शेजारच्या पायरीवर बसून राहिलीस. आजारी तू होतीस.

घरी आल्यावर आठ दिवस मी ऑपरेशनचा विषय काढला नाही. तूही काढला नाहीस. नवव्या दिवशी मीच म्हणालो, 'आक्का, देवाक एकदा विचारून घेतंय. कौल लावतंय.' तू सुईत दोरा ओवत होतीस. वर न बघता म्हणालीस, 'देवाक कित्याक मदी घालतंस? किडनी तुजी आसा.' मी म्हणालो, घरातलं कुठलंही मोठं काम आपण देवाला विचारल्याशिवाय केलं नाही, विहीरसुद्धा कौल घेऊन खणली. तू म्हणालीस, 'बरा, विचार.' विज्ञानाच्या मास्तरने देवळाचा आधार घेतला याचं तुला हसू आलं असेल, पण तू हसली नाहीस.

देवळात गुरवकाका एकटेच होते. त्यांनी पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, 'बा देवा म्हाराजा, ह्या तुजा लेकरू तुज्या पायाकडे इला आसा. बहिणीक आपल्या अंगातला देवचा म्हणता. देवचा आसात तर उजवो दी, नको आसात तर डावो दी, काय ता रोखठोक सांग रे म्हाराजा.' मी हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हटलं. 'व्हय म्हाराजा' पुरतं संपलंही नव्हतं तेवढ्यात उजवी पाकळी गळून पडली. इतका झटपट कौल मी आयुष्यात पाहिला नव्हता.

'काका, वारो इलो,' मी म्हणालो.

'वारो खंय आसा हंय?' गुरवकाकांनी गाभाऱ्यात चारी बाजूंना बघितलं. समईची वात हलत नव्हती. तरी मी म्हणालो, पाकळी नीट चिकटली नव्हती, परत लावा. त्यांनी लावली. या वेळी थोडा वेळ गेला, पण पडली ती उजवीच. मी म्हणालो, अजून एकदा. ते माझ्याकडे वळले. 'बाबल, देवाक पुन्ना पुन्ना विचारूचा नसता रे. पयलो इलो तोच कौल.' मी म्हणालो, 'जिवाचं काम आहे काका, खात्री नको?' बघ, घाबरलो की मी शुद्ध बोलायला लागतो, कचेरीत बोलल्यासारखा. त्यांनी तिसऱ्यांदा पाकळ्या लावल्या. आम्ही बराच वेळ उभे होतो. शेवटी डावी पडली.

'आता ह्यातलो खंयचो मानतलंस?' त्यांनी विचारलं.

मी दक्षिणा ठेवली, नमस्कार केला आणि निघालो. डावा आला तर होता! खोटं नव्हतं ना? घरापर्यंतच्या वाटेवर मी स्वतःला हेच पटवत आलो.

तू पडवीत शिवणाच्या मशीनवर होतीस. 'काय इलो?' म्हणून विचारलंस. मी म्हणालो, 'डावो.' तू पायटा थांबवलास. माझ्याकडे नीट बघून विचारलंस, 'पयल्याच वेळेक?'

मी म्हणालो, 'होय.'

तू दाताने दोरा तोडलास, 'बरा तर' म्हणालीस आणि कापड फिरवून दुसरी शिवण घ्यायला लागलीस. तेवढंच. पुढच्या महिन्यात तुझ्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुया घालण्यासाठी शिरा जोडून फिस्टुला करून घेतला आणि आपली ओरोसची ड्युटी सुरू झाली. त्या वर्षी मूत्रपिंडाचा धडा शिकवताना मी ते वाक्य गाळलं. एका हुशार मुलीने पुस्तकात बघून विचारलं, 'सर, हे लिहायचं नाही का?' तिला मी उगीचच ओरडलो.

भित्रा माणूस कडक होतो, हे मला माझ्यावरूनच कळलं. तुझं पथ्य मी माझ्या ताब्यात घेतलं. दिवसाचं पाणी मापाच्या बाटलीत भरून ठेवायचो आणि रेघेच्या खाली गेलं की जाब विचारायचो. शहाळं बंद, सोलकढी बंद, केळं बंद. डॉक्टरांनी 'कमी' म्हटलेलं मी 'नाही' केलं. एप्रिल-मेच्या काहिलीत तू ओला पंचा मानेवर ठेवून बसायचीस, जिभेवर बर्फाचा खडा फिरवायचीस, आणि मी त्या खड्याचंही पाणी धरायचो. एकदा तू म्हणालीस, 'तुका पोलीस कोणी केलो रे?' सुमन हसली. मी जेवण अर्धवट टाकून उठलो. ज्याने देण्यासारखं एकच होतं ते दिलं नाही, तो पाण्याचे घोट मोजत होता, आणि वर रुसतही होता.

लोक म्हणतात तशी तू सदा हसतमुख नव्हतीस, हेही इथे लिहून ठेवतो. दुसऱ्या वर्षी जुलैत तू गादीवरून उठलीच नाहीस. 'नाय जाणार. पुरे झाला.' तो मंगळवार चुकला, शुक्रवारही चुकला. पाय भरून आले, दोन उशा घेतल्याशिवाय श्वास घेता येईना. मी आधी ओरडलो, मग पाया पडलो, मग तुझ्या उशाशी बसून रडलो. तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, 'तू कित्याक रडतंस? सुयो तुज्या अंगात जातत?' मी तिथून उठलो आणि मागच्या पडवीत जाऊन उभा राहिलो. तुला सगळं सांगून टाकावं असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पण तू मरायला टेकली होतीस आणि मला वाटलं, आता सांगणं म्हणजे माझं ओझं तुझ्या छातीवर ठेवणं. छान कारण होतं. भित्र्याला कारणांची वाण पडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर तू वेणी घालून, पिशवी भरून ओट्यावर बसलेली. 'चल.' एवढंच. उशा घेऊन, गाडी करून ओरोसला पोचलो. नंतर कधीतरी मी विचारलं, तेव्हा तू काय मोठं सांगशील म्हणून मी कान टवकारले होते. तू म्हणालीस, 'शकूच्या ब्लाऊजाची एकच बाही लायलेली. तसाच टाकून मेलंय तर ती जन्मभर शिव्या घालीत रवात.' मला वाटलं, थट्टा करतेस. पण त्यानंतर माझ्या लक्षात आलं, ड्युटीच्या आदल्या दिवशी तू मुद्दाम एक काम अर्धं ठेवायचीस. गळ्याची पट्टी, काजं, काहीतरी. वेळ असला तरी पुरं करायची नाहीस. हाताने मशीनवर झाकण घालायचीस आणि त्या कापडाला सांगितल्यासारखं म्हणायचीस, 'उद्या बघूया.' धीर कुठून आणायचा हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. तू तो असा, हातातल्या कामातून, वितभर वितभर काढलास. आताही मशीनवर कुणाच्या तरी फ्रॉकची झालर टाचून ठेवलेली आहे. सुमन म्हणते, मी पुरी करते. मी तिला अजून हात लावू दिलेला नाही.

फिलोमिनाबाई बाराव्याला आल्या होत्या, थेट मालवणहून. त्यांचा ड्युटीचा पहिला दिवस तुला आठवतो? शाळेतून निवृत्त झालेली, कडक इस्त्रीतली बाई, पण त्या खाटेवर बसून लहान मुलीसारखी थरथरत होती. तू शेजारच्या खाटेवर, तुझं रक्त नळीतून फिरत असलेलं. तू त्यांना म्हणालीस, 'बाय, हंय हात लाव.' त्यांनी घाबरत तुझ्या दंडावर बोटं टेकवली. फिस्टुलाच्या जागी तुझी शीर कायम घरघरायची. 'माजी शिवणाची मशीन आसा ती. दिवसरात चलता, पायटो मारूक नको.' बाई रडतारडता हसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. नर्सने सुई घातली तेव्हा त्या तुझ्याकडेच बघत होत्या. मी दारात उभा होतो. अभिमान वाटला आणि त्याच क्षणी वाटलं, हिला हे करायची वेळच यायला नको होती.

सांगायच्या संधी किती आल्या! एसटीत तू खिडकीवर डोकं टेकून अर्धवट झोपेत असायचीस, कणकवलीच्या स्टँडवर गाडी पाच-दहा मिनिटं थांबायची, तेव्हा मी मनात वाक्य जुळवायचो. 'आक्का, कौल पहिल्या दोन वेळेला उजवा आला होता.' सोपं आहे, व्याकरणही अवघड नाही. गाडी सुटायची. पुढच्या खेपेला बघू असं म्हणायचो. देण्याचं वय निघून जात होतं हेही मला ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षी मला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी चक्क सुटकेचा निःश्वास टाकला. हेही लिहितो.

आणि ती शेवटची आंब्याची गोष्ट. आपली चाळीस कलमं, आणि चार हंगाम तू अढीत बसून आंबे निवडत होतीस. गवतातून फळ उचलायचं, नुसतं देठाशी अंगठा टेकवायचा आणि सांगायचं, हा दोन दिवसांनी, हा आज. हजारो आंबे तुझ्या हातातून पेटीत गेले, एक फोड तुझ्या तोंडात गेली नाही. त्या रविवारी तू एक आंबा कापलास. बशीत एकच फोड काढलीस, बाकीचा आमच्यासाठी ठेवलास. मी आत आलो आणि तुझ्या हातातली बशी ओढून घेतली. ओढून, आक्का. पन्नास वर्षांचा मी, बासष्टची तू.

'एकच फोड रे बाबल.'

'नाय म्हणजे नाय.'

तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस. रागावली नव्हतीस. म्हणालीस, 'तू देवापेक्षा कडक. देव तरी तीनदा विचारूक देता.'

मी बशी घेऊन तसाच मागीलदारी गेलो. ती हातात धरून मोरीच्या कट्ट्यावर बसलो. तुला कळलं आहे? की सहज बोललीस? माणसं म्हणतात तसं, तीन वेळा विचारावं वगैरे? मी सोमवार घालवला, मंगळवारची ड्युटी झाली, बुधवारही गेला. गुरुवारी दुपारी तू जेवून कलंडलीस ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. शांत गेली, असं सगळे म्हणतात. मी आत तुझ्यासाठी दुसरी चटई आणायला गेलो होतो म्हणून मला तेही नीट दिसलं नाही.

दहाव्याला आम्ही खाडीवर गेलो. मी मनाशी ठरवलं होतं. कावळा शिवणार नाही याची मला खात्रीच होती. भटजी ताटकळतील, कोणी म्हणेल आंब्याची फोड ठेवा, कोणी म्हणेल शिवणाच्या मशीनचं काय ते बोला, आणि तरीही कावळा शिवणार नाही. मग मला पुढे होऊन सगळ्यांदेखत कौलाचं सांगावं लागेल. शब्द ठरवले होते. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत होतो, की आता तरी तू मला अडवशील, पकडशील, सांगायला लावशील.

भटजींनी पिंड मांडला. ते पाऊल मागे घेतात न घेतात तोच कावळा आला. इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. चोच मारली आणि भात घेऊन गेला. 'सुटली गो बाय,' कोणीतरी म्हणालं. 'काय एक मागे ठेवल्यान नाय.' माणसं चपला घालून परत फिरायलाही लागली. मला तुझा राग आला, आक्का. इतका राग की डोळ्यांत पाणी आलं आणि लोकांना वाटलं, भाऊ रडतोय.

वाटेत मी सुमनला मागे थांबवलं. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला तिला सांगितलं. तीन वेळा लावला होता, पहिले दोन उजवे होते, मी घाबरलो होतो, आक्काला खोटं सांगितलं. एका दमात.

सुमन पदराने तोंड पुसत म्हणाली, 'माका म्हायती आसा.'

'कोणी सांगितलं?'

'आक्कान. तिका दुसऱ्याच दिवशी कळलेला. गुरवीण ब्लाऊजाचा माप देवक इलेली.' अख्ख्या गावाचे ब्लाऊज शिवणाऱ्या बाईपासून मी देवळातली गोष्ट लपवायला निघालो होतो. सुमन सांगत होती, 'मी तेव्हाच तुमका बोलतलंय होतंय. तिना माका शपथ घातल्यान. म्हणाक लागली, तो भियालो गो. भियालेल्या माणसाची किडनी घालून घेवन मी काय करू? ती माज्या पोटात जावनसुद्दा थरथरतली.'

'आणि?'

'आणि काय? म्हणाली, माका कळला म्हणून तेका सांगू नको. मगे तो माज्यावांगडा ओरोसाक येवचो नाय, तोंड लपवीत. माका तो व्हयो.'

सुमन पुढे चालायला लागली.

सुमन म्हणते, तुझं माझ्यावर काही राहिलेलं नाही, तूच मला सोडवलंस म्हणून कावळाही थांबला नाही. असेल. तू मला माफ केलंस की नाही, हे मी आता कुणाला विचारणार नाही, माणसालाही नाही आणि देवालाही नाही. तुला मी बरोबर हवा होतो, म्हणून तू चार वर्षं माझं खोटं पदरात झाकून ठेवलंस, सुया टोचून घेत. तेवढा वेळ मी तुझ्या शेजारच्या सीटवर बसून होतो आणि एक वाक्य बोललो नाही. कारणं पुष्कळ होती, त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं एवढंच होतं, आणि ते तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक असलं तरी ते माझ्या तोंडून तू एकदा ऐकायला हवं होतंस.

आक्का, मी भियालंय गो.